पाचवा टायर

शालिग्राम काळमेघनं उभी हयात रेल्वेत डबे तपासण्यात घालवली. लांब दांड्याचा हातोडा घेऊन गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं, चाकाला टोला द्यायचा, आवाज ऐकायचा आणि सगळं ठीक असलं तरच ‘फिट’ लिहून खाली सही करायची. त्याच्या सहीशिवाय रायपूरच्या यार्डातून गाडी हलत नसे, वरून कोणी कितीही बोंब मारो. छत्तीस वर्षांच्या नोकरीत एकही गाडी कच्ची सोडली नाही, हे तो न विचारताच सगळ्यांना सांगायचा. निवृत्त झाला तेव्हा हातोडा खात्यात जमा झाला, खोड मात्र त्याच्यासोबत घरी आली. रायपुरातच गुढियारीतल्या घरात गॅसची नळी, पंख्याचा हुक, जावयाच्या स्कूटरचे ब्रेक, सगळ्यांना त्याचा फिट लागायचा.

"मी मेली त मलेबी तपासूनच उचलाल तुम्ही," विमला म्हणायची. मग दोघंही हसायची.

अशा माणसानं चार वर्षांपूर्वी सिलतऱ्याच्या एका ठेकेदाराकडून जुनी पिकअप विकत घेतली, तेव्हा गल्लीला काही उमगेना. चारही चाकांना जोर लागणारी, जंगलात चालवायची ही गाडी. गल्लीत वळवायची तर आधी दोन-तीन स्कूटर हलवाव्या लागत. भाजी आणायला एवढी गाडी कशाला, असं लोक विचारत. गाडी त्यानं एकाच रस्त्यासाठी घेतली होती, आणि त्या रस्त्याचं नाव त्या घरात क्वचितच निघे.

बोइरडबरी. धमतरी मागे टाकून जंगलात शिरलं की शेवटी येणारं वीस-पंचवीस घरांचं गाव. चौतीस वर्षांपूर्वी विमलाला मास्तरणीची पहिली नोकरी तिथं लागली. नवीन लग्न झालेलं, नवरा रायपूरला, रजा मिळेल तशी त्याची ये-जा. तिथंच, आठव्या महिन्यातच, तिला मुलगी झाली आणि नवव्या दिवशी ती गेली. एवढ्याशा लेकराला अग्नी देत नाहीत, पुरतात. शालिग्रामनं गावातली दोन माणसं बरोबर घेतली, नाल्यापलीकडे एका साजाच्या झाडाखाली तिला ठेवलं आणि वर एक चपटा दगड टाकला. विमला बाळंतिणीच्या खाटेवर होती. तिला कोणी तिकडे नेलं नाही, आणि पुढच्या महिन्यात तिचं सामान बांधून त्यानं तिला रायपूरला आणलं.

बारसं बाराव्या दिवशी व्हायचं होतं. शालिग्रामची बहीण सरला वर्ध्याहून निघणार होती. आत्या म्हणून बाळाच्या कानात नाव तीच सांगणार होती. नाव विमलानं ठरवून ठेवलं होतं. पण काळमेघांच्या घरात बारशाआधी नाव फोडत नाहीत, म्हणून तिनं ते कोणालाच सांगितलं नव्हतं. पुढे राधिका झाली, तिचं बारसं थाटात झालं, ती मोठी होऊन लग्न करून भिलाईला गेली. पहिलीचं नाव विमलाच्या पोटात राहिलं ते राहिलंच. शालिग्रामनं दोनदा विचारलं होतं.

"तिच्या आधी तुमच्या कानात कसं सांगू?" विमला म्हणाली होती. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा तर तिनं ताटावरून हात उचलला. त्यानंतर त्यानं विचारलं नाही. जागा त्याला ठाऊक होती आणि नाव तिला. चौतीस वर्षं एका छपराखाली राहूनही या दोन गोष्टींची गाठ कधी पडली नाही.

मागल्या वर्षी ऑगस्टमध्ये विमलाला झटका आला. उजवा पाय ओढायला लागला, वाचा गेली. वाचा महिनाभरात परत आली आणि ती नीट बोलायला लागली तेव्हा तिनं एकच मागणी केली.

"मले बोइरडबरीले न्या. तिले नाव सांगायचं आहे."

डॉक्टरांनी दोघांच्याही देखत सांगितलं होतं की दुसरा झटका कधीही येऊ शकतो. तेव्हा घाई होती, हे शालिग्रामला कळत नव्हतं असं नाही. नाल्याचं पाणी उतरल्यावर त्यानं डिसेंबरात गाडी काढली. विमलाला चढायला म्हणून लग्नातला सागवानी पाट दाराखाली ठेवला. डाव्या हातानं आतली मूठ धरायची, डावा पाय पाटावर, मग पायरीवर, एक रेटा, की विमला सीटवर. तिला हात लावलेला चालत नसे. "मी पोतं आहे का?" म्हणायची.

नाल्यात मात्र गाडी अडली. पाणी घोटाभरच होतं, पण गोटे मोठे. मागच्या दोन चाकांच्या मधला लोखंडी गोळा एका दगडावर टेकला आणि चाकं जागच्या जागी फिरायला लागली. गावातून ट्रॅक्टर येईपर्यंत तीन तास गेले. विमला सीटवर बसून समोर बघत होती. पलीकडच्या चढावर साजाचं झाड स्पष्ट दिसत होतं.

"तेच का?"

"हव. तेच."

"इथून त चालत जाते मी. तुम्ही हात धरा."

"एवढ्या गोट्यातून? पडली म्हणजे?"

ट्रॅक्टरनं गाडी मागे ओढली तेव्हा सूर्य कलला होता. शालिग्रामनं गाडी वळवली. धमतरीजवळ आल्यावर त्यालाच राहवलं नाही. "गाडीच अशी करतो का तू डायरेक्ट झाडाखाली उतरशील," तो म्हणाला. "एक गोटा लागू देणार नाही तुह्या पायाले." हे तो मनापासून म्हणाला. त्याच्या प्रेमाची रीत तीच होती. त्याला बोलता येत नसे, दुरुस्त करता येत असे.

जानेवारीत तो सिलतऱ्याच्या रस्त्यावर विकीच्या टायरच्या दुकानात गेला. विकी पस्तिशीचा, बोलका. जंगलात गाड्या घालणारी हौशी मंडळी त्याच्याकडेच यायची.

"काका, बत्तीस डलवा लो," विकी म्हणाला. "साडे उनतीस में कुछ नहीं होगा."

शालिग्रामनं खिशातून टेप काढला. साडेएकोणतीस इंची टायर काढून बत्तीसचा बसवला तर टायर अडीच इंचांनी मोठा होतो, पण गाडी उठते त्याच्या निम्मी, सव्वा इंच. कारण उरलेला सव्वा इंच धुरीच्या, म्हणजे चाकाच्या आसाच्या, वर जातो. हे त्यानं विकीला समजावलं, घरी येऊन विमलाला समजावलं आणि भिलाईला फोन करून राधिकालाही समजावलं. तो लोखंडी गोळाही सव्वा इंच वर जाणार होता. नाल्यातल्या त्या दगडाला तेवढं पुरत होतं. गोळ्यावरचा ओरखडा त्यानं मोजून ठेवला होता.

"फेब्रुवारीत जाऊ मग," विमला म्हणाली.

टायर फेब्रुवारीच्या शेवटी आले. काळेकुळकुळीत, जाड खाचांचे, अंगभर रबराचे बारीक केस असलेले. बसवल्यावर गाडी अशी दिसायला लागली की गल्लीतली पोट्टी तिच्यापुढे उभी राहून फोटो काढू लागली. शालिग्रामची छाती फुगली. पण स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढचा टायर आतून घासायचा. खर्र. तो आवाज ऐकून त्याचा चेहरा पार उतरला.

"थोडासा घिसता है, काका. सबका घिसता है," विकी म्हणाला.

"सबका घिसता होगा," शालिग्राम म्हणाला.

विमलानं त्या दिवशी साफ सांगितलं. "घासू द्या नं. जाऊन तर येऊ. नाही तर जुनेच टायर लावा, नाल्यापाशी गाडी ठेवा, मी हळूहळू जाते चालत. रोज पोर्चमधे चाळीस फेऱ्या मारून राहिली मी, त्या काहून?"

"अनफिट गाडीत तुले नेऊ? आडरानात टायर फाटला म्हणजे?"

राधिकानंही फोनवर सांगून पाहिलं. "बाबा, माँ जाना चाहती है तो ले जाओ ना. गाड़ी बाद में बना लेना." पण शालिग्रामला आडरानात फाटलेला टायर दिसत होता, उन्हात बसलेली विमला दिसत होती, आणि एकदा अशी गोष्ट डोळ्यांपुढे आली की तो कोणाचं ऐकत नसे. मार्चमध्ये त्यानं चाकांवरच्या पत्र्याची आतली कड कापून घेतली, स्प्रिंगांखाली ठोकळे घातले, गाडी आणखी दोन इंच उचलली. घासणं थांबलं. त्यानं चारही टायरना पान्यानं एकेक टोला दिला, कान लावून ऐकलं आणि विमलाला हाक मारली.

तिनं पाट ठेवला, मूठ धरली, डावा पाय उचलला. पायरीपर्यंत तो पोचला नाही. तिनं पुन्हा उचलला. पुन्हा. चौथ्यांदा तिची चप्पल निसटली आणि ती पाटावरच मटकन बसली.

सव्वा आणि दोन, सव्वातीन इंच. एवढा मोजमापाचा माणूस, ओरखडा मोजला, धुरी मोजली, कड मोजली. बायकोचा पाय किती उचलतो ते मोजायचं राहून गेलं. शालिग्राम तिथं उभ्या उभ्या शरमेनं पाणी पाणी झाला. "उचलून बसवतो," तो म्हणाला.

"खबरदार. लेकीच्या बारशाले आई उचलून आणलेली जाते का?" विमला हसत होती, पण डोळे भरले होते. "द्या मले अजून थोडे दिवस. खाली एक वीट लावा."

दुसऱ्या दिवसापासून ती वीट लावून चढायला शिकू लागली. वीट आणि त्यावर पाट नीट बसेना, डगमगायचा, म्हणून शालिग्रामनं पाटाला खालून लाकडी पाय ठोकले, रंधा मारला, वर खरखरीत पट्टी चिकटवली. सकाळी सहाला फेऱ्या, मग चढणं. एप्रिल सगळा त्यात गेला. कधी गुडघा आपटायचा, कधी मूठ सुटायची. पावसाळा लागला की नाला चार महिने बंद होणार, हे दोघांनाही पाठ होतं; कॅलेंडरवर जूनच्या पानाला विमलानं लाल पेन्सिलीनं चौकट काढून ठेवली होती.

मेच्या दहा तारखेला शालिग्राम नळावर दात घासत होता. पोर्चमधून हॉर्न वाजला. लांबलचक. तो तोंडात फेस तसाच घेऊन धावला, तर विमला सीटवर बसलेली. एकटी चढली होती. हात लांब करून तिनं हॉर्न दाबून धरला होता आणि पदर खांद्यावरून घसरला होता त्याचंही भान तिला नव्हतं. लग्नानंतर इतकी खूश त्यानं तिला दोनदाच पाहिली होती.

"चला," ती म्हणाली.

"कुठं?"

"कुठं म्हणजे? आत्ताच्या आत्ता चला. मी उतरतच नाही."

शालिग्रामनं चूळ भरली. खरं तर सगळं तयार होतं. डिझेल भरलेलं, पाण्याची कॅन मागे. फक्त स्टेपनी राहिली होती. टायर चारच आले होते. पाचवा त्याच मापाचा मागवलेला होता आणि तो परवा येणार होता. मागे जुनी साडेएकोणतीसची स्टेपनी टांगलेली होती.

"स्टेपनी नाही नं," तो म्हणाला. "तीन चाकं बत्तीस नि एक लहान असं करून चारी चाकांचा जोर लावला त आतले गिअर तुटतात. परवा येते. परवा पहाटेच निघू."

"टायर काय फाटणारच आहे का?"

"फाटला त?"

विमलानं त्याच्याकडे पाहिलं. भांडली असती तर बरं झालं असतं. ती एक पाय खाली सोडून हळूहळू उतरली, पाट उचलून भिंतीला लावला आणि "चहा ठेवते" म्हणून आत गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, भाजी निवडताना, तिला दुसरा झटका आला.

या वेळी उजवी बाजू पूर्ण गेली आणि वाचाही. दवाखान्यात ती शुद्धीवर होती, सगळं समजत होतं तिला. शालिग्रामचा हात धरून ती ओठ हलवायची. तो वाकायचा, कान अगदी तिच्या ओठांना टेकवायचा. नुसता श्वास यायचा, गरम. राधिकानं आईच्या डाव्या हातात पेन्सिल दिली. कागदावर एक रेघ उमटली, ती वळली, तिच्यावर दुसरी चढली. त्या रेघांत बापलेकीनं किती वेळ डोकं खुपसलं, पण त्यात अक्षर नव्हतं. विमलानं पेन्सिल सोडून दिली आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. तिच्या डाव्या डोळ्यातून पाणी येत राहिलं.

"तू बरी हो," शालिग्राम सांगत राहिला. "तिथंच सांगजो. मी नेतो तुले."

दुसऱ्या दिवशी त्याच्या खिशात फोन वाजला. "काका, आपका पाँचवाँ आ गया," विकी आनंदानं म्हणाला. शालिग्राम नुसतं "ठीक है" म्हणाला. तिसऱ्या दिवशी सकाळी विमला गेली.

दिवस झाले. अस्थी राजिमच्या संगमात सोडल्या. राधिका अजून घरीच होती, तिनं कॅलेंडरचं जूनचं पान उलटून ठेवलं. चौदाव्या दिवशी शालिग्राम उठला आणि विकीच्या दुकानात गेला. विकीला कोणीतरी सांगितलं होतं; त्यानं स्टेपनी मागे टांगून दिली. शालिग्रामनं सवयीनं तिला पान्याचा टोला दिला. आवाज चांगला आला.

"मैं भी चलती हूँ," राधिका म्हणाली. तिला तो नको म्हणाला. पहाटे निघताना पाट त्यानं शेजारच्या सीटवर ठेवला, का ते त्यालाही सांगता आलं नसतं.

गाडी सुरेख चालली. मोठ्या टायरांमुळे मीटर अंतर कमी दाखवतो, हे त्याला माहीत होतं. धमतरी आलं तेव्हा मीटरवर सहा किलोमीटर कमी भरले. जंगलातला रस्ता गाडीनं नुसता गिळला. नाला आला. त्यानं चारही चाकांचा जोर लावला, गाडी गोट्यांवर चढली, उतरली. तो दगड खालून गेला, गोळ्याला शिवलाही नाही. दोन मिनिटांत तो पलीकडच्या काठावर होता, आणखी एका मिनिटात झाडाखाली. एकही टायर फाटला नाही. कबूल केल्याप्रमाणे गाडीचं दार थेट झाडाखाली उघडलं.

उतरून त्यानं मागे वळून पाहिलं. जिथं डिसेंबरात गाडी अडली होती, तो दगड इथून दिसत होता. त्याला राहवलं नाही. तो पायी नाल्यातून त्या दगडापर्यंत गेला आणि तिथून पावलं मोजत झाडापर्यंत परत आला. तीनशे साठ. पोर्चची एक फेरी वीस पावलांची. चाळीस फेऱ्या म्हणजे आठशे. विमला रोज सकाळी यापेक्षा दुप्पट चालत होती, आणि मोजायला तोच तर बसायचा, हातात चहाचा कप घेऊन.

शालिग्राम झाडाच्या बुंध्याशी बसला आणि चौतीस वर्षांत रडला नव्हता तेवढा रडला.

चपटा दगड अजून होता, अर्धा मातीत गेलेला. बऱ्याच वेळानं त्यानं त्याच्यावरचा पाला हातानं बाजूला केला. गाडीतून पाट आणला, दगडाशेजारी मांडला, त्यावर बसायला ती नव्हतीच, तरी मांडला. मग गुडघे टेकून, बाळाच्या कानाशी आत्या वाकते तसा तो जमिनीशी वाकला, तोंडाभोवती हाताचा आडोसा केला. सांगायला त्याच्याकडे काही नव्हतं. एखादं नाव आपल्या मनानं घेता आलं असतं, पण ते तिचं नसतं. माती उन्हानं तापली होती आणि ओठांना लागत होती.

"बाई," तो म्हणाला, "तुहं नाव तुह्या आईले माहीत होतं. ती निघाली होती. गाडीत बसली होती. मीच तिले उतरवलं."